ट्राम कुठे आहे? वाहतुकीचा इतिहास पायी पाहताना



गोरेगावला व्याख्यान आहे असे आम्ही मुंबईतल्या एका स्नेह्यांना फोनवर सांगितले. त्यांनी लगेच विचारले, "पूर्व की पश्चिम?" आम्ही म्हणालो, "हिंगोली." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "तिकडे जायचे कसे हो?" (हशा) स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचे हा त्यांचा पहिला प्रश्न आणि तिथवर पोचायचे कसे हा दुसरा. दोन्ही प्रश्न प्रवासाचेच. आमचा आजचा विषयही तोच असल्यामुळे सुरुवात आयतीच मिळाली.

हल्ली मोठ्या शहरांत वारसा-फेऱ्या निघतात. सकाळी लवकर पंधरा-वीस माणसे जमतात, एक जाणकार पुढे चालतो आणि जुन्या इमारती दाखवतो. यातल्या काही फेऱ्या इमारतींच्या नसतात. शहरात माणसे इकडून तिकडे कशी जात होती, म्हणजे ट्राम, बस, लोकल, घोडागाडी, त्याचा इतिहास पाहायला निघालेल्या असतात. लंडनमध्ये तर तिथल्या वाहतूक संग्रहालयातर्फे बंद पडलेली भुयारी स्टेशने दाखवतात. ऑल्डविच नावाचे स्टेशन १९९४ साली बंद झाले. आज लोक पैसे भरून तिथे खाली उतरतात, गाडी येणार नाही हे ठाऊक असताना फलाटावर उभे राहतात आणि परत वर येतात. आयोजकांनी आम्हाला विचारले होते, "सर, हा विषय आपल्या गावात कशाला?" बरोबर विचारले. उत्तर देऊ, पण थोडे फिरून येऊन देऊ. विषयच फिरण्याचा आहे.

काही वर्षांपूर्वी मुंबईत आम्ही अशा एका फेरीला गेलो होतो. रविवार, सकाळचे सात. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत चालायचे. गुडघे कुरकुरत होते, पण म्हटले जाऊ या. फेरी नेणारी मुलगी पंचविशीची, चांगली अभ्यासू. तिने सांगितले की ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली ती याच वाटेने, कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला. दुसरी वाट बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. ट्राम घोड्यांची होती. सुरुवातीला कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते असे सांगतात. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे, आणि गंमत म्हणजे तिकीट नाही! पैसे द्या, बसा. तिकीट देण्याची रीतच अजून पडलेली नव्हती.

घोडागाडी तर होतीच, मग ट्राम कशाला? हे कारण समजून घेण्यासारखे आहे. खडबडीत रस्त्यावर चाक अडखळते, रुतते, आणि घोड्याची बरीचशी ताकद त्यातच जाते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक मात्र जवळजवळ घसरत जाते. त्यामुळे तेच दोन घोडे किती तरी जास्त माणसे ओढू शकतात. एका गाडीत जास्त माणसे बसली की भाडे उतरवता येते, आणि भाडे उतरले की जो कधी गाडीत बसला नव्हता तोही बसतो. रुळाचा शोध हा असा माणसांच्या संख्येशी बांधलेला आहे. ७ मे १९०७ रोजी घोडे गेले आणि विजेची ट्राम आली. १९२० साली दुमजली ट्राम. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, कंपनी मुंबई महापालिकेकडे आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक तिला निरोप द्यायला उभे होते.

मुलगी हे सगळे छान सांगत होती. आमच्या गटात एका जोडप्याबरोबर त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. तो तासभर निमूट चालला. क्रॉफर्ड मार्केटपाशी मात्र त्याने सगळ्यांसमोर विचारले, "पण ट्राम कुठे आहे?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न ऐकला की राहवत नाही. पोराने बरोबर जागी बोट ठेवले होते. दोन तास आपण एक वस्तू पाहायला निघालो आहोत आणि ती वस्तू तिथे नाहीच. मग पाहतो काय?

इथे आम्हाला मिलिंद राजा आठवतो. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जे मिलिंद महाविद्यालय आहे त्याचे नाव या राजावरून आणि त्या परिसराचे नागसेनवन हे नाव भिक्खू नागसेनावरून. बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली ते कॉलेज काढले. इथल्या कितीतरी घरांतली पहिली पदवी त्या कॉलेजातून आली असेल. तर मिलिंद आणि नागसेन यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. त्यात नागसेन राजाला विचारतो, महाराज, आपण पायी आलात की वाहनाने? राजा म्हणतो, रथाने. मग रथ म्हणजे काय ते दाखवा. आस म्हणजे रथ का? नाही. चाके? नाही. जू? लगाम? नाही. हे सगळे वेगवेगळे ठेवून शेजारी आणखी काही 'रथ' म्हणून उरते का? तेही नाही. मग आपण आलात कशाने? राजाला कबूल करावे लागते की हे सगळे भाग जुळून आले म्हणजे आपण व्यवहारात 'रथ' असे म्हणतो. रथ हे नाव आहे, वेगळी वस्तू नव्हे.

भारतीय तत्त्वज्ञानातला एवढा मोठा वाद 'तुम्ही कशाने आलात' या साध्या प्रश्नावरून सुरू झाला, याचे आम्हाला फार कौतुक वाटते. पाहुणा दारात आला की आपणही आधी हेच विचारतो ना, "गाडी मिळाली का?"

आता हे ट्रामला लावून पाहा. मुंबईत बेस्टच्या आणिक आगारात संग्रहालय आहे. तिथे जुनी तिकिटे, यंत्रे, नमुने ठेवले आहेत. सीएसएमटीसमोर भाटिया बागेत एक ट्राम उभी केलेली आहे. तिच्याकडे बोट दाखवून त्या पोराला सांगता आले असते, बाळ, ही बघ ट्राम. पण तिच्याखालचे रूळ कुठे जात नाहीत. वरच्या तारेत वीज नाही. घंटा वाजवून कोणी 'पुढे चला' म्हणत नाही, आणि ऑफिसला उशीर झाला म्हणून कोणी तिच्यामागे धावत नाही. नागसेनाच्या भाषेत सांगायचे तर आस आहे, चाक आहे, छत आहे, पण 'ट्राम' हे नाव ज्या जुळणीला होते ती जुळणी मोडली आहे. त्या जुळणीत लोखंडाइतकाच वेळापत्रकाचा, भाड्याचा आणि माणसांच्या सवयीचा भाग होता.

म्हणून वाहतुकीच्या इतिहासाची फेरी ही किल्ल्याच्या किंवा देवळाच्या फेरीसारखी नसते. किल्ला पडका झाला तरी जागेवर असतो. वाहन हे मुळात जागेवर न राहण्यासाठीच केलेले. ते गेले की मागे खुणा राहतात आणि खुणा वाचाव्या लागतात. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनजवळ खोदकामात ट्रामचे रूळ निघाले. डांबराखाली इतकी वर्षे ते होतेच. हे झाले प्रत्यक्ष. एखादा रस्ता उगाच रुंद वाटतो, कोपऱ्यावर मोठे वळण घेतो, तिथे ट्राम वळत असावी असे जाणकार सांगतो. हे अनुमान. आणि बाकीचे सगळे शब्दप्रमाण, म्हणजे पुढे चालणारा सांगतो म्हणून आपण मानतो ते. न्यायशास्त्रात शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला माहीत आहे आणि जो खरे सांगतो अशा माणसाचा. फेरी नेणाऱ्यावर ही केवढी जबाबदारी आहे बघा!

त्या दिवशी फेरी संपल्यावर आम्ही काही जण दादरला गेलो. मुलीने गमतीने विचारले, "दादर टीटी म्हणजे काय?" एक कॉलेजकुमार म्हणाला, "टेबल टेनिस." दुसरा म्हणाला, "तिकीट तपासनीस." (हशा) टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामचे शेवटचे थांबे. चौकाचे कागदोपत्री नाव खोदादाद सर्कल. पण टॅक्सीवाला, भाजीवाला, कंडक्टर सगळे टीटीच म्हणतात. ट्राम जाऊन साठ वर्षे झाली, तरी ती रोज हजारो माणसांच्या तोंडी आहे आणि कोणाला त्याचा पत्ता नाही. आम्हाला विचाराल तर त्या फेरीत ट्राम दिसली ती इथे.

हळहळ हा या फेऱ्यांचा नेहमीचा सूर असतो. त्याबद्दल आमचे थोडे वेगळे मत आहे. १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत डिझेलवर चालणारी जुनी दुमजली बस शेवटची धावली, अंधेरीला, ४१५ क्रमांकाच्या मार्गावर. हार घातले, फोटो काढले, वर्तमानपत्रांत लेख आले. यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच पडतो की हळहळणाऱ्यांपैकी रोज तिच्यात लोंबकळणारे किती होते? जो रोज बसने जातो त्याची तक्रार वेगळी असते. गाडी वेळेवर येत नाही, फेऱ्या कमी झाल्या, थांब्यावर सावली नाही. आठवणी काढायलाही सवड लागते. कोलकात्यात ट्राम १८७३ पासून. २०२४ साली सरकारने सांगितले की मैदान ते एस्प्लनेड एवढीच वारसा म्हणून ठेवू, बाकीची बंद करू. म्हणजे जी ट्राम लोकांना कामावर नेत होती ती जाणार आणि जी फेरफटक्याला नेते ती राहणार. वारसा या शब्दाचा असाही उपयोग होतो, तो आम्हाला पटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

आपण 'सार्वजनिक वाहतूक' म्हणतो. यातला 'वाहतूक' हा शब्द सोपा आहे. 'सार्वजनिक' मात्र सोपा नाही. सर्व जन म्हणजे कोण? फेरीत आपल्याला घोडे दाखवतात, रूळ दाखवतात, दुमजली बस दाखवतात. गाडीत कोण बसले आणि कोणाला बसू दिले नाही हे क्वचितच दाखवतात. कारण त्याचा रूळ रस्त्याखाली सापडत नाही.

१८७४ सालचे तीन आणे हेच घ्या. मजुराच्या रोजच्या मिळकतीत तेव्हा तीन आणे हा मोठा वाटा होता. भाडे खाली आले तेव्हा कुठे ट्राम गरिबांची झाली. रेल्वेचे बघा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी गेली. रेल्वेने डबे वर्गांप्रमाणे केले, पहिला, दुसरा, तिसरा. जातींप्रमाणे केले नाहीत. ज्याने तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले तो तिसऱ्या वर्गात बसला, शेजारी कोण आहे हे त्याला निवडता आले नाही. ही केवढी उलथापालथ होती! पण गोरे लोक वेगळे बसत, आणि फलाटावर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' असे वेगळे घडे असत. म्हणजे डब्यात सगळे एक झाले आणि फलाटावर उतरले की पुन्हा वेगळे. आणि फलाटाच्या बाहेर?

फलाटाच्या बाहेर काय होते याची एक गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत. साल १९०१. बाबासाहेब दहा वर्षांचे. वडील सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात नोकरीवर होते. त्या गावाचे नाव काही पुस्तकांत कोरेगाव छापलेले आहे, काहींत गोरेगाव. हो, तुमच्याच गावाचे नाव, म्हणून कान टवकारून ऐका. भीमराव, त्यांचा भाऊ आणि नात्यातली मुले सुट्टीत वडिलांकडे निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, मोठा उत्साह. आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. आगगाडीत त्यांना कोणी अडवले नाही. वडिलांना पत्र पोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने चौकशी केली, आणि मुलांनी आपली जात सांगितल्यावर त्याचा चेहराच बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडे देऊ म्हटले तरी नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार. भर उन्हाळा, आणि वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. रात्र टोलनाक्यापाशी काढावी लागली.

आता नागसेनाचा प्रश्न पुन्हा विचारून पाहा. आस होती, चाके होती, बैल होते, गाडीवान होता, भाडेही होते, तेही दुप्पट. तरी ती भाड्याची गाडी झाली नाही. जुळणीतला कुठला भाग कमी होता? तो लाकडाचा नव्हता.

ती बैलगाडी कुठल्याही संग्रहालयात नाही. तिची तुलना एका बसशी करू. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठायला नकार दिला. त्यांना अटक झाली. त्यावरून कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, मैलोन्मैल पायी चालले, आणि शेवटी कोर्टाच्या निकालाने बसमधली ती विभागणी गेली. ती बस डेट्रॉइटजवळ डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात जपून ठेवली आहे. लोक तिच्यात चढतात आणि बाकावर बसतात. इंजिन कुठल्या बनावटीचे हे फारसे कोणी विचारत नसेल. बसमधली कुठली जागा, हे मात्र सगळ्यांना पाहायचे असते. वाहनाचा इतिहास कसा दाखवावा याचे आमच्या मते हे उत्तम उदाहरण आहे. गाडी एवढ्यासाठीच ठेवली की त्या जागेचे भांडण कळावे.

आणि फेरी म्हणाल तर एक फेरी आपल्याच मुलखातली आहे. पुन्हा बाबासाहेबांच्याच आठवणींतली. १९३४ साल. चळवळीतले सुमारे तीस कार्यकर्ते त्यांच्याबरोबर सहलीला निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. मुलूख निजामाचा, आपणही तेव्हा त्याच राज्यात. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाज्याशी पाण्याचा हौद होता. प्रवासाने तोंडे धुळीने भरलेली, काही जणांनी हातपाय धुतले. एवढ्यावर आरडाओरडा झाला की यांनी पाणी बाटवले. जमाव जमला. तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि एखादा अस्पृश्य मुसलमान झाला असता तर तुम्ही त्याला अडवले असते का, असे बाबासाहेबांनी विचारले. त्यावर लोक गप्प झाले. अखेर किल्ला पाहू दिला, पण पाण्याला कुठे हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

मार्गदर्शक घेऊन काढलेली फेरी म्हणजे काय, असे कोणी विचारले की आम्हाला हा शिपाई आठवतो. तोही बरोबर चाललाच होता. कुठे जायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे सांगतच होता.

आता आपल्या भागात येऊ. मराठवाडा मागास, सगळे उशिरा आले, असे आपण आपणच म्हणत असतो. एका बाबतीत तसे नाही. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या खात्याखाली सरकारी बस १९३२ साली सुरू झाली, २७ गाड्यांनिशी. मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली १ जून १९४८ रोजी. म्हणजे सोळा वर्षांनी. त्या २७ गाड्या आधी कुठल्या रस्त्यांवर धावल्या हा भाग वेगळा, पण राज्याने स्वतः बस चालवावी हा विचार इथे आधी आला. हैदराबादच्या सरकारी बसच्या नंबरात झेड अक्षर असते, ते निजामाच्या आईच्या, जहरा बेगमच्या नावावरून, अशी एक गोड गोष्ट सांगतात. फेरीत ती जरूर सांगावी, पण 'सांगतात' हा शब्द गिळू नये. आप्तवचन म्हटले ते याचसाठी.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपली गाडी एसटी झाली. एसटीचे बोधवाक्य तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून हजारदा गेले असेल, 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. बुद्धाने भिक्खूंना लोकांत फिरायला सांगितले ते या शब्दांत. चालत राहा, बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी. ज्याने कोणी ते एसटीसाठी निवडले त्याला मूळ संदर्भ ठाऊक असणार असे आम्हाला वाटते, कारण ते फिरणाऱ्यांनाच सांगितलेले आहे.

एसटीत कोणी जात विचारली नाही. सुट्टे पैसे विचारले. (हशा) पण आम्ही लहान असताना, साठच्या दशकात, एका तालुक्याच्या स्टँडबाहेर चहाचे हॉटेल होते. तिथे काही कप आत मांडलेले असत आणि काही बाहेर खिळ्याला टांगलेले. एकाच गाडीतून उतरलेली दोन माणसे तिथे दोन प्रकारच्या कपांत चहा पीत. बाहेरच्याने आपला कप आपणच धुऊन परत टांगायचा. आमचे शाळेतले एक मित्र होते, शेजारी बसून तासभर गप्पा मारत आलेले. ते बाहेरच्या कपाकडे वळले तेव्हा आम्ही आतच गेलो. तेरा वर्षांचे होतो, काही कळत नव्हते असे म्हणायची सोय आहे. पण कळत होते.

ते हॉटेल आता नाही. ते खिळेही नाहीत. ट्रामच्या रुळांसारखे ते खोदकामात सापडणार नाहीत.

तर, आयोजकांच्या प्रश्नाचे उत्तर. हा विषय गोरेगावात यासाठी की अशी फेरी इथेही निघू शकते, आणि ती मुंबईच्या फेरीपेक्षा कमी पडणार नाही. इथे ट्राम नव्हती, मग दाखवायचे काय? स्टँडवरचे वेळापत्रक. त्यातल्या कुठल्या गाड्या आता येत नाहीत ते जुन्या माणसांना विचारायचे. मुक्कामी गाडी कुठे उभी राहायची ते पाहायचे. रात्री शेवटची गाडी गावात मुक्कामाला यायची आणि पहाटे निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरला कोणाच्या घरची भाकरी जायची, कोणाच्या घरची जात नव्हती, हे विचारायचे. विचारायला थोडा धीर लागेल. गाडीत खिडक्यांवर रंगवलेली अक्षरे वाचायची, महिलांसाठी राखीव, अपंगांसाठी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी, आमदार-खासदारांसाठी. 'सर्व जन' म्हणजे कोण याची ती एक यादीच आहे, आणि ती दशकादशकाने बदलली आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत मात्र त्या यादीबाहेरची.

तिकिटे शोधायची. पत्र्याच्या पेटीतली रंगीत पातळ तिकिटे आणि कंडक्टरचा तो चिमटा, टकटक वाजणारा. कोणाच्या तरी पोथीत खूण म्हणून एखादे तिकीट सापडेल. मग यंत्रे आली आणि तिकिटावरची छपाई महिन्याभरात उडू लागली. इतिहासाच्या दृष्टीने फार वाईट झाले ते.

मुलींना विचारायचे. पास मिळाला म्हणून किती जणी गावाबाहेर शाळेला गेल्या आणि गाडी बंद झाली म्हणून किती जणींची शाळा सुटली. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांची बाजू होती, आम्ही ती नाकारत नाही. पण त्या पाच-सहा महिन्यांत काळीपिवळीचे भाडे किती झाले, आणि कोणाचे जाणे-येणे थांबले, याची नोंद कुठल्या वहीत आहे? १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. त्यानंतर बाजारच्या दिवशी गाडीत कोण दिसू लागले? या बायका आधी घरी बसत होत्या की पायी जात होत्या? आमच्या वाट्यालाही अर्धेच तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण झाल्यावर पूर्ण माफ होईल, त्याला आमचा थोडाच अवधी उरला आहे. तेवढे पाहू द्यावे अशी इच्छा आहे.

हे कोणी करायचे? इतिहासाच्या पदवीची गरज नाही. दहावी-अकरावीच्या मुलांनी करायचे. एक वही, दोन-चार म्हातारी माणसे आणि एखादा निवृत्त कंडक्टर. त्यांना बोलते करताना एकच पथ्य पाळावे, "तेव्हा किती छान होते ना?" असे विचारू नये. "तेव्हा कोण कुठे बसायचे?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात आणि गप्प होतात.

वेळ झाली, घड्याळ दाखवत आहेत. आम्ही आज गावातच मुक्कामाला आहोत, मुक्कामी गाडीसारखे. उद्या सकाळी पहिली गाडी यायच्या आधी आम्ही स्टँडवर असू. ज्यांना यायचे असेल त्यांनी वही घेऊन या. आमची हिंगोलीची गाडी त्यानंतरची आहे. निदान वेळापत्रकात तरी तसे लिहिले आहे. (हशा)